वायुदलातच राहावे की विमान कंपनीत जावे?

साताऱ्याच्या सैनिक शाळेतून वायुदलात गेलेल्या वैमानिकापुढे चाळिशीच्या आसपास हा प्रश्न हमखास उभा राहतो. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे २० वर्षांची सेवा लागते. त्यामुळे सेवेच्या अठराव्या वर्षी राजीनामा देणे हा मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. वीस पूर्ण झाली असतील, तर माझा कौल विमान कंपनीला आहे. वायुदलात हुद्द्यासोबत फायली वाढतात आणि उड्डाण घटते, तर कंपनीत वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत उडता येते. मात्र तेथील ज्येष्ठता सहसा रुजू झाल्या दिवसापासून मोजली जात असल्याने, मुरलेला विंग कमांडरही आरंभी उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या आसनावर, वयाने धाकट्या कॅप्टनच्या हाताखाली बसतो. घर साताऱ्यातच ठेवायचे असेल, तर कंपनीत नेमणुकीचा तळ म्हणून पुणे मिळेल का, हे आधी विचारावे.