विनाईल कटर कोणता घ्यावा: कॅमिओ, क्रिकट, चिनी प्लॉटर की ग्राफटेक-रोलँड?

रेडियमचं दुकान टाकायचं असो की घरबसल्या टी-शर्ट आणि स्टिकरच्या ऑर्डरी घ्यायच्या असोत, विनाईल, म्हणजे स्टिकरचं पातळ प्लास्टिक, संगणकावरच्या डिझाइनप्रमाणे कापणारं मशीन (कटर किंवा प्लॉटर) घेताना लोक आधी रुंदी आणि किंमत विचारतात. मी आधी विचारेन, छापलेल्या चित्राच्या कडेने कापायचं आहे का? रंगीत विनाईलमधून नुसती अक्षरं कापायला बाजारातलं जवळपास कुठलंही मशीन चालतं. पण लेबलं आणि फोटो-स्टिकर कापायचे, म्हणजे कॉन्टूर कटिंग करायचं, तर चित्राची जागा कळावी म्हणून शीटवर छापलेल्या खुणा आपोआप वाचणारा सेन्सर हवाच.

घरगुती मशीनमध्ये सिल्हूट कॅमिओ आणि क्रिकट ही दोन नावं. दोन्ही मुळात 12 इंची, दोन्ही खुणा वाचतात आणि कापण्याची सफाईही साधारण सारखीच. खरा फरक सॉफ्टवेअरचा. क्रिकटला खातं उघडून कंपनीचंच डिझाइन स्पेस हे सॉफ्टवेअर वापरावं लागतं. मार्च 2021 मध्ये कंपनीने फुकट खात्यांना महिन्याला 20च डिझाइन अपलोड करू देण्याची घोषणा केली होती. ग्राहक चिडले तेव्हा ती मागे घेतली. पण धंद्याचं मशीन दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असणं मला पटत नाही. कॅमिओचं सॉफ्टवेअर सिल्हूट स्टुडिओ संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याची फुकट आवृत्ती डीएक्सएफ (रेघांच्या चित्राची) फाइल उघडते. म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करून तिकडे नेता येतं. घरून काम करणाऱ्याने कॅमिओच घ्यावा. नुसत्या वाढदिवसाच्या सजावटी आणि कार्डं करायची असतील तर क्रिकट शिकायला सोपं आहे, हे मात्र खरं.

दुकानासाठी 12 इंच अपुरे पडतात. गाडीच्या मागच्या काचेवरचं नाव किंवा दुकानाच्या काचेवरची पट्टी कापायला दोन फुटी मशीन लागतं. तिथे सामना चिनी प्लॉटर आणि ग्राफटेक-रोलँड या कंपन्यांची महागडी मशीनं यांच्यात आहे.

स्वस्त चिनी प्लॉटरमध्ये बहुधा स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर असते. आवाज जास्त, वेग कमी, आणि लांब पट्टी कापताना रोल हळूहळू तिरका सरकतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये सेन्सरऐवजी लेझरचा लाल ठिपका असतो. तो प्रत्येक शीटवर हाताने खुणेवर आणून ठेवायचा. दोन-चार शीटला ठीक आहे, रोजच्या लेबलांच्या ऑर्डरीत माणूस थकून जातो. जमेची बाजूही मोठी आहे. किंमत ग्राफटेकच्या कितीतरी खाली, रोलँड पद्धतीची ब्लेड सहज मिळतात आणि दुरुस्ती करणारा जवळपास सापडतो. सुरुवातीला ड्रायव्हर आणि कॉम पोर्ट (संगणक-मशीनची जोडणी) मात्र नीट लावून घ्या. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, मशीनमध्ये एक आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरा असेल तर मशीन एकतर गप्प बसतं, नाहीतर वेड्यावाकड्या रेघा मारतं.

ग्राफटेक सीई 7000-60 ची कापण्याची रुंदी 603 मिमी, ब्लेडचा दाब 450 ग्रॅमपर्यंत. रोलँड जीएस-24 ची 584 मिमी आणि 350 ग्रॅम. दोघांतही सर्व्हो (स्वतःची जागा तपासत फिरणारी) मोटर आहे, त्यामुळे लांब कामातही रेघ जागेवर राहते. रोज कॉन्टूरचं काम असेल तर हे पैसे वसूल होतात. फक्त अक्षरं आणि गाड्यांची नावं असतील तर मी चिनी मशीन घेऊन उरलेले पैसे चांगल्या हीट प्रेसमध्ये (कपड्यावर विनाईल चिकटवणाऱ्या गरम यंत्रात) घालीन. टी-शर्टवर बहुरंगी फोटोच हवे असतील तर कटरचा विचारच सोडा, ते काम डीटीएफचं, म्हणजे फिल्मवर छापून कपड्यावर उतरवण्याचं. आणि नंबरप्लेटच्या कमाईवर हिशेब मांडू नका. 1 एप्रिल 2019 पासून नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे, आणि राज्यात जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली आहे.

मशीन कुठलंही घ्या, पहिला दिवस ब्लेडला द्या. साध्या विनाईलला 45 अंशाचं ब्लेड, जाड किंवा फ्लॉकला (मखमली विनाईलला) 60 अंशाचं. होल्डरमधून टोक जेमतेम दिसेल इतकंच बाहेर काढा. ऑफसेट, म्हणजे ब्लेडच्या मध्यापासून टोकाचं अंतर, सेटिंगमध्ये 0.25 मिमी ठेवा. कोपरे गोल येत असतील तर तो थोडा वाढवा, कोपऱ्याला शिंगं फुटत असतील तर कमी करा. दाब 80 ग्रॅमपासून सुरू करून थोडा थोडा वाढवत छोटा चौकोन कापून पाहा. विनाईल सुटलं पाहिजे आणि मागच्या कागदावर फक्त ओरखडा दिसला पाहिजे. कागद चिरला तर दाब जास्त आहे. टी-शर्टच्या विनाईलला चमकदार बाजू खाली ठेवून डिझाइन उलटं करून कापायचं, हे सेटिंगमध्ये आधीच पाहून घ्या.

आपल्या कामात सगळ्यात जास्त माल वाया जातो तो देवनागरीपायी. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. पडद्यावर ‘माउली’ अखंड दिसतं, पण मशीन प्रत्येक सांध्यावर उभी चीर मारतं आणि सोलताना अक्षरं तुकड्यातुकड्याने निघतात. म्हणून अक्षरं आधी कर्व्हमध्ये (रेघांच्या आकारात) बदला, मग वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा, आणि वायरफ्रेममध्ये (नुसत्या रेघा दाखवणाऱ्या दृश्यात) शिरोरेघेत आडवी-उभी एकही रेघ उरली नाही ना ते पाहा. लहान अक्षरांचे अनुस्वार हमखास उचकटतात. ते जरा मोठे करा आणि सोलताना विनाईल झटक्याने न ओढता मागे दुमडून, कागदाला लगटून ओढा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रोलचा मागचा कागद ओल धरतो, कडा वळतात आणि रोलरखाली माल तिरका जातो. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे ठेवा.

डेमोला जाताना पेनड्राइव्हमध्ये आपली स्वतःची फाइल घेऊन जा. एक जोडाक्षरांचं मराठी नाव, एक लांब पट्टी आणि छापलेल्या खुणांचं एक शीट. तिन्ही समोर कापून दाखवणाऱ्या आणि ब्लेड, सर्व्हिस यांचा खर्च बिलावर लिहून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, मग मशीन हजार-दोन हजारांनी महाग का पडेना.