डच गुलाबाची गड्डी, गुलटेकडी मार्केट यार्ड: बुकेपेक्षा ही घ्या

जानेवारी संपत आला की आमच्या क्लासच्या ग्रुपवर सगळे मलाच टॅग करतात, गुलाब कुठून घेऊ, ॲपवरून मागवू का, बुके शॉपमध्ये जाऊ का, कारण आमचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे हे सगळ्यांना माहितीये. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. पुण्यात किंवा आसपास राहत असाल तर सरळ गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जा आणि डच गुलाबाची, म्हणजे पॉलीहाऊसमधल्या लांब देठाच्या गुलाबाची, २० नगांची गड्डी घ्या. बुके नको. का नको ते सांगायचं तर माझ्या मित्राबद्दलपण सांगावं लागेल, कारण हे सगळं त्याच्यापासूनच सुरू झालं.

तो तळेगावचा, मी पवनानगरकडची, अकरावीपासून एकाच वर्गात आहोत. मी एसटीने कामशेतला येते, तिथून लोकल, आणि तळेगाव स्टेशनला तो थांबलेला असतो. आमचं खूप जमतं, फक्त प्रेम ह्या विषयावर अजिबात जमत नाही. त्याला सगळं साजरं करायचं असतं, रोज डे, प्रपोज डे, चॉकलेट डे, आम्ही पहिल्यांदा बोललो ती तारीख, सगळं. त्याच्या घरीच तसं वातावरण आहे, आईबाबांचं लव्ह मॅरेज, बाबा दर ॲनिव्हर्सरीला आठवणीने गजरा आणि केक आणतात आणि आई तो गजरा दुसऱ्या दिवशीपण काढत नाही. त्याचं म्हणणं एकच, मनात आहे ना मग तोंडाने सांग, समोरच्याला आपोआप कसं कळणार. आणि माझं म्हणणं की सांगणारे ढीगभर असतात, आपण आजारी पडलो तर फिजिक्सचं जर्नल कोण पूर्ण करून आणतं, एसटी चुकली तर कोण फोन करतं, ते बघायचं. मला ते डेज वगैरे नकोच वाटतात, आणि गुलाब तर त्याहून नको.

गुलाब नको ह्याचं कारण घरात आहे. आमचं १० गुंठ्याचं पॉलीहाऊस, आत सहा-साडेसहा हजार झाडं, लोन काढून उभं केलेलं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी लहान होते, पण पप्पा आणि मम्मी रोज सकाळी फुलं तोडून बांधावर टाकत होते ते चांगलं आठवतं, कारण झाड थांबत नाही, फूल तोडावंच लागतं, आणि घ्यायला कोणी नव्हतं. त्यातून सावरतोय तोवर ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि पॉलीहाऊसवरचा प्लास्टिकचा पेपर फाटून पार पलीकडच्या शेतात गेला, मावळात कितीतरी जणांची पॉलीहाऊस तेव्हा झोपली. त्यामुळे आमच्याकडे गुलाब म्हणजे लोनचा हप्ता, औषधं, लाल कोळी कीड, भुरी रोग, मजुरी. एवढी फुलं घरात असून पप्पांनी मम्मीला कधी फूल दिलेलं मी बघितलेलं नाही. पण सीझनला रात्री जेवणं झाली की पप्पा मोबाईलचा टॉर्च लावून, सुई घेऊन मम्मीच्या तळहातातले काटे काढत बसतात, ग्लोव्हज घातले तरी काटे जातातच, आणि मम्मी हात पुढे करून दुसरीकडे बघत मालिका ऐकत असते. मला प्रेम म्हणून जे माहितीये ते हे.

तर गेल्या वर्षी १४ फेब्रुवारीला त्याने पॉकेटमनी साठवून एका दुकानातून बुके आणला, १२ गुलाब, सातशे रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण असे बुके सगळीकडेच मिळतात. त्याने तो माझ्या हातात दिला आणि माझी नजर पहिली फुलांवरच गेली. व्हरायटी टॉप सिक्रेट, आमच्याकडचीच. बाहेरच्या पाकळ्या काढून टाकलेल्या. जुनं फूल ताजं दिसावं म्हणून बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या सोलतात आणि वरून पाणी मारतात, देठाजवळ जिथून पाकळी ओढलीये तिथे बारीक खुणा दिसतात. तीन फुलांच्या माना खाली गेलेल्या. देठं खोचलेला खालचा स्पंज बोटाने दाबला तर कोरडा. मी सगळं तिथल्या तिथे सांगितलं, की हे निदान चार दिवसांचे आहेत, कोल्ड स्टोरेजमधून काढलेले, उद्या संध्याकाळपर्यंत माना टाकतील, तुला फसवलं. तो म्हणाला, 'अगं तू फुलांकडे बघतेयस, माझ्याकडे बघ ना.' मी म्हटलं, 'अरे सातशे रुपये गेले तुझे.' मग आठवडाभर आम्ही बोललो नाही. मला राग त्याचा नव्हता, मुलांकडे पैसे कमी असतात, घाई असते, फुलातलं काही कळत नसतं, आणि त्याचा फायदा घेऊन शिळा माल खपवतात ह्याचा होता, अजूनही आहे.

बोलणं सुरू झाल्यावर मीच म्हटलं की चल, तुला मार्केट दाखवते. मी काकांच्या पिकअपमधून मालाबरोबर पहाटे आले आणि तो मित्राला घेऊन पहिल्या लोकलने शिवाजीनगर आणि तिथून मेट्रोने स्वारगेट, पुढे रिक्षा, स्वारगेटवरून मार्केट यार्ड जवळच आहे. गाडीने येणार असाल तर सकाळी आत पार्किंगचं विसरा.

आता मार्केटबद्दल. सकाळी जितक्या लवकर जाल तितका माल चांगला. एका बाजूला झेंडू, शेवंती, गुलछडी यांचे ढीग आणि क्रेट, आणि डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन वेगळ्या गाळ्यांवर, तिथे गुलाब पुठ्ठ्यात गुंडाळून उभे ठेवलेले असतात. एक गड्डी वीस फुलांची. सुटी चार फुलं मागितली तर आडते देत नाहीत, आणि बरोबरच आहे, होलसेल मार्केट आहे ते. आम्ही गेलो तेव्हा १४ तारीख उलटून गेली होती आणि चांगली गड्डी दीडशेला मिळाली, म्हणजे वीस फुलं दीडशेत आणि बुकेतली बारा सातशेत. व्हॅलेंटाइनच्या आधी भाव दुप्पट, कधी त्याच्याहून वर जातात, तरी बुकेपेक्षा स्वस्तच पडतं. भाव रोज बदलतो, मी लिहिलाय तोच मिळेल असं धरून जाऊ नका.

घेताना काय बघायचं: पुठ्ठा थोडा बाजूला करून कळी खालून दोन बोटात हलकेच दाबून बघा, घट्ट लागली पाहिजे, भुसभुशीत लागली तर ठेवून द्या. बाहेरची पाकळी जराशी हिरवट, वेडीवाकडी दिसली तर चांगलं आहे, म्हणजे सोललेली नाही. पानं तेलकट हिरवी हवीत, पानांवर पांढरी पावडर असेल तर ती भुरी. देठाची लांबी ४०, ५०, ६० सेंटीमीटर अशा ग्रेडमध्ये असते, घरात बाटलीत ठेवायला चाळीस पुरते, साठचे पैसे उगाच घालवू नका. वासाची अपेक्षा ठेवू नका, ही व्हरायटी टिकण्यासाठी बनवलेली आहे, वास हवा असेल तर साधा गावठी गुलाब घ्या, तो एका दिवसात गळतो पण खोली भरून टाकतो. अजून एक, जानेवारीअखेर ते १० फेब्रुवारीपर्यंत मावळातला बराच चांगला माल एक्स्पोर्टला जातो, त्यामुळे त्या दिवसांत मार्केटमध्ये जरा जास्तच निवडून घ्यावं लागतं.

मार्केटला एक स्टार कमी देईन, खाली चिखल आणि सडका पाला असतो, पांढरे शूज घालून गेलात तर संपले, आणि नवीन पोरं दिसली की एखाद-दुसरा गाळेवाला कालची गड्डी पुढे करतो. पण हातात घेऊन बघू देतात, आणि बघता येत असेल तर कोणी फसवू शकत नाही.

घरी आणल्यावर देठ तिरके कापा, शक्यतो बादलीत पाण्याखाली धरून, कारण कापताना हवा आत शिरली की पाणी वर चढत नाही आणि मान पडते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. पाणी रोज बदला. केळी, सफरचंदाच्या टोपलीजवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून जो गॅस निघतो त्याने फूल लवकर म्हातारं होतं. एवढं केलंत तर आठवडा सहज निघतो.

त्या दिवशी त्याने स्वतः तीन गाळे फिरून, कळ्या दाबून बघून एक गड्डी निवडली आणि ती मला दिली नाही, घरी नेली, आईला. मला ते इतकं आवडलं की मी तसं तोंडाने सांगितलं, तर तो म्हणाला, 'बघ, सांगितलंस तर बरं वाटतं ना.' ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ह्या डिसेंबरला प्रोजेक्टच्या नावाने आमचा ग्रुप पॉलीहाऊस बघायला आला, तोपण आला. १५ डिसेंबरच्या आसपास आम्ही झाडांचं बेंडिंग (फांद्या वाकवणं), कटिंग करतो, तिथून ४५-५० दिवस धरले की व्हॅलेंटाइनचा माल तयार होतो, थंडी जास्त पडली की कळी मागे राहते आणि पप्पांची झोप जाते. बाकीचे फोटो काढत होते आणि तो मम्मीला विचारून विचारून फांद्या वाकवत होता, ग्लोव्हज मोठे होत होते म्हणून त्याने काढून ठेवले आणि अंगठ्यात काटा मोडून घेतला. मी सुई आणली आणि काढला. तो काही बोलला नाही. मम्मीने बघितलं, तीपण काही बोलली नाही, फक्त जाताना त्याच्या डब्यात भाकरी आणि ठेचा जास्तीचा भरला.

ह्या वर्षी बारावीचे पेपर बरोबर त्याच दिवसांत आहेत. मी म्हणतेय की पेपर संपल्यावर जाऊ, तेव्हा भाव उतरलेले असतात, माल निवांत बघता येतो, त्याच पैशात दोन गड्ड्या येतील, एक त्याच्या घरी, एक हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना. तो म्हणतोय १४ म्हणजे १४, एक फूल का होईना पण त्याच दिवशी, आणि ते तो आमच्याच पॉलीहाऊसमधून, पप्पांकडून, पैसे देऊन घेणार आहे. पप्पा त्याला काय भाव लावतात ते कळलं की कमेंटमध्ये टाकते.