विज्ञानात राहायचं नसेल, तर भौतिकशास्त्राची पदवी कितपत कामाची?

'विचार करायला शिकवते' ही या पदवीची नेहमीची जाहिरात. खोटी नाही, पण मुलाखतीत दाखवायला तिचा उपयोग शून्य. दाखवण्याजोगा माल या पदवीत आहे, आणि तो बहुतेक जण कंटाळून उरकतात त्या प्रॅक्टिकलमध्ये आहे.

साधा लंबक घ्या. लांबी १ मीटर, आवर्तनकाळ जवळपास २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक धरा. एकच आवर्तन मोजलं तर काळात १० टक्के चूक. सूत्रात काळाचा वर्ग येतो म्हणून गुरुत्वत्वरणात २० टक्के. सलग २० आवर्तनं मोजली की तीच ०.२ सेकंदाची चूक ४० सेकंदांवर पसरते आणि उत्तरातली चूक १ टक्क्यावर येते. आता लांबी मोजताना २ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या मध्याऐवजी वरच्या टोकापर्यंतच टेप धरला, तर उत्तर १ टक्क्याने कमी येतं. ही चूक १०० आवर्तनं मोजूनही जात नाही. विमा, बँकेतली जोखीम, ग्राहक सर्वेक्षण, सगळीकडे जास्त वेळा मोजून घटणारी चूक आणि तशी न घटणारी चूक यांतला हाच फरक ओळखणारा माणूस हवा असतो. फोन उचलणाऱ्यांनाच प्रश्न विचारले असतील, तर नमुना दहापट करून सर्वेक्षण सुधारत नाही.

बिघडतं ते इथेच. उत्तर ९.८ येणार हे आधीच ठाऊक, म्हणून रीडिंगं मागून 'बसवली' जातात. जर्नल छान दिसतं, आणि पैसे मोजून घेतलेल्या पदवीतली सगळ्यात विकाऊ गोष्ट वाया जाते.

गणिताची बाजू मात्र भक्कम. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढणारं १९७३चं ब्लॅक-शोल्स समीकरण चलं बदलून उष्णतावहनाच्या समीकरणात आणता येतं, त्यामुळे वित्तक्षेत्रात भौतिकशास्त्रवाल्यांना शिरकाव सोपा झाला. धोकाही त्याच वाटेने येतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. रोजचा चढउतार १ टक्क्याच्या आसपास धरून प्रसामान्य वितरण (घंटेच्या आकाराचा नेहमीचा आलेख) लावलं, तर असा दिवस विश्वाच्या आजवरच्या वयातही दिसायला नको. तापलेल्या सळईला आपलं समीकरण कुणी मांडलंय हे कळत नाही. बाजाराला कळतं, आणि मग तो वेगळा वागतो. नियम कायम राहतात ही सवय विज्ञानाबाहेर पडताना सोडावी लागते. हुशार मुलांना ती सोडणं जास्त जड जातं, असं आमचं मत.

काय मिळत नाही? एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन), ताळेबंद वाचणं. ही तिन्ही थोड्या महिन्यांत शिकता येतात, त्यांचा बाऊ नको. खरी उणीव कार्यकारणाची. प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवता येतात. दुकानात सवलत दिली, विक्री वाढली, पण त्याच आठवड्यात सणही होता, तर श्रेय कुणाचं? यासाठी तुलनागट आणि बहुचल समाश्रयण (अनेक घटकांचा परिणाम वेगवेगळा काढायची पद्धत) वेगळं शिकावं लागतं. ऐच्छिक विषयांत संख्याशास्त्र असेल तर ते सोडू नये. त्याच्या जोडीला संगणकीय भौतिकी. माँटे कार्लो पद्धतीत, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन उत्तराचा अंदाज काढताना, चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे दहापट अचूकतेला शंभरपट नमुने. हे स्वतः चालवून पाहिलेल्याला प्रकल्पाचा खर्च विचारला की तो आकडा हवेतून काढत नाही. सापेक्षतावाद आवडीने शिका, नोकरीसाठी नको.

रेझ्युमेत 'प्रकाशिकी, उष्मागतिकी, क्वांटम' अशी यादी वाचणाऱ्याला काही सांगत नाही. त्याजागी एकच ओळ लिहावी: पायथॉनमध्ये डेटा साफ केला, वक्र जुळवला, अनिश्चितता २ टक्क्यांवर आणली, उरलेली चूक कुठून येते ते शोधलं. मुलाखतकार नेमका शेवटचा तुकडा पकडतो, आणि रीडिंगं बसवलेली असतील तर तिथेच उघडं पडायला होतं.