पटायाच्या किनाऱ्यावर जेट-स्की घेणार असाल तर आधी हे वाचा

पटायाच्या बीच रोडसमोर अर्ध्या तासाच्या जेट-स्कीचे भाडे ८०० बाथ ठरले होते आणि प्रत्यक्षात माझ्याकडून १८,८०० बाथ, म्हणजे त्या दिवशीच्या दराने सुमारे ४७,००० रुपये उकळण्यात आले. आधीचेच ओरखडे परतल्यावर गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याची ही युक्ती जुनी आहे. मीही ती ऐकून होतो, म्हणूनच संतापापेक्षा लाज अधिक वाटते.

आम्ही उधळपट्टी करणारे पर्यटक नव्हतो. टॅक्सीऐवजी सोंगथ्यावमधून, म्हणजे मागे बाके असलेल्या सामायिक पिकअप गाडीतून फिरत होतो आणि कोरल आयलंडलाही स्पीडबोटीचे पॅकेज न घेता बाली हाय धक्क्यावरून ३० बाथच्या सार्वजनिक बोटीने गेलो होतो. इतरांनी १,२०० सांगितलेली फेरी कोणी ८०० मध्ये देतो म्हटल्यावर मुलाचा हट्ट पुरवणे हा काही हावरेपणा नव्हे.

मात्र त्या माणसाने अनामत म्हणून पासपोर्ट मागितला, तेव्हाच मी मागे फिरायला हवे होते. जेट-स्की कमरेइतक्या पाण्यात उभी होती. मी खालची बाजू पाहण्यासाठी वाकलो, तोच त्याने लाइफ जॅकेट माझ्या अंगावर चढवले आणि घाई सुरू केली. पत्नीने फोटो काढले, पण ते वरच्या भागाचे. पाण्याखालचा तळ कोणालाही दिसणे शक्यच नव्हते, आणि सगळा डाव त्या तळावरच रचलेला होता. परतल्यावर चौघांनी यंत्र वाळूवर ओढून कलते केले, चिरा दाखवल्या आणि ४५,००० बाथ मागितले. ‘मध्यस्थ’ म्हणून आलेल्या भल्या बोलीच्या गृहस्थाने १८,००० वर तोड काढली. तोही त्यांचाच माणूस असावा, याविषयी मला आता शंका नाही. एटीएमने परदेशी कार्डावर घेतलेले शुल्क वेगळेच.

जवळच्या पोलीस चौकीत जे घडले ते अधिक चीड आणणारे होते. हा दोन पक्षांमधला खासगी व्यवहार आहे, असे सांगून तेथील अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जेट-स्की, त्याच चिरांसह, पुन्हा भाड्याने दिली जात होती. तिचा फोटो घेऊन मी परत गेलो, तर भरपाई स्वखुशीने दिल्याच्या थाई भाषेतील कागदावर माझीच सही आहे, असे ऐकवण्यात आले. ज्याचा पासपोर्ट समोरच्याच्या खिशात आहे, त्याची कसली स्वखुशी? मायदेशी परतल्यावर विमा कंपनीनेही तोच कागद आणि पोलीस तक्रारीचा अभाव दाखवून दावा फेटाळला. तक्रार का नाही, हे ऐकून घेण्याची तसदीही तिने घेतली नाही.

पासपोर्ट देऊ नका, त्याची छायाप्रतही पुरे. भारतीय पासपोर्ट १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता असतो, कोणाची अनामत नव्हे. जेट-स्की वाळूवर ओढायला लावून तळाचे चित्रीकरण केल्याशिवाय बसू नका. मालक नाही म्हणाला तर तेथून निघा. वाद झाल्यास एटीएमकडे एक पाऊलही टाकण्याआधी पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा. स्वतःला वाचता न येणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्यास पर्यटकांनी ठाम नकार द्यावा, कारण माझे पैसे परत मिळण्याची वाट त्या एका सहीनेच बंद केली.