गुलमर्ग की टंगमर्ग: स्कीसाठी मुक्काम कुठे परवडतो?
टंगमर्गची खोली स्वस्त दिसते, पण हिशेब तिथे संपत नाही. गुलमर्ग तिथून 13 किलोमीटर वर. बर्फ पडला की चाकांना साखळी लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच चढते आणि हे भाडं रोज जाता-येता लागतं. चौघांनी जीप वाटून घेतली तर टंगमर्ग परवडू शकतं, दोघांना क्वचितच. शिवाय जोराच्या हिमवृष्टीत रस्ता बंद झाला तर भाड्याने घेतलेल्या स्कीचा दिवस वाया.

गुलमर्गला खोली महाग, पण उतार जवळ. मात्र बुखारीचं (खोली तापवायच्या शेगडीचं) लाकूड, इलेक्ट्रिक ब्लँकेट, वीज गेल्यावर जनरेटर दरात धरलंय का, हे बुकिंगआधी लेखी घ्या. रात्रीचं जेवणही विचारा. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्यापुढे 18.