बाटली तिसऱ्या आठवड्यातच संपते: मोतीबिंदूनंतरच्या स्टेरॉइड थेंबांचा काही महिन्यांचा अनुभव

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याची सूज उतरवायला दिले जाणारे हे चार स्टेरॉइड थेंब: प्रेडनिसोलोन ॲसिटेट १%, लोटेप्रेडनॉल ०.५%, डायफ्लुप्रेडनेट ०.०५% आणि डेक्सामेथासोन ०.१%. काही महिने पेशंटच्या हाती हे चारही देऊन पाहिल्यावर वाटते, की औषध कुठले यापेक्षा ते डोळ्यात कसे जाते, यावरच निम्मा खेळ आहे.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट स्वस्त आणि भरवशाचे. पण ते विरघळलेले नसते, नुसते मिसळलेले असते. बाटली नीट हलवली नाही तर औषध तळाशी राहते. ओळखायची खूण सोपी: थेंब दुधाळ पडायला हवा, पाण्यासारखा पडला तर तो वाया गेला. डायफ्लुप्रेडनेट इमल्शन (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) आहे, हलवावे लागत नाही. ताकदही जास्त, म्हणून दिवसातून चारदा पुरते. मात्र डोळ्याचे प्रेशरही तेच चटकन चढवते. काचबिंदू असेल, घरात कोणाला असेल किंवा मोठा मायनस नंबर असेल तर लोटेप्रेडनॉल बरे: काम झाल्यावर डोळ्यातच त्याचे निष्क्रिय द्रव्य होते. सूज जास्त असेल तर मात्र ते तोकडे पडते.

आता हिशेब. दिवसाला सहा, मग पाच-चार-तीन-दोन-एक असा दर आठवड्याला एकेक थेंब कमी करायचा क्रम सहा आठवडे चालतो. एकूण १४७ थेंब. पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभर, त्यातले काही गालावर. म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाटली रिकामी. डोळा तोवर पांढराशुभ्र, त्यामुळे नवी बाटली आणायचे राहून जाते, आणि दोन-चार दिवसांत लाली, उजेड खुपणे, मंद ठणका परत. दुसरी बाटली पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्यावी. तसेही उघडलेली बाटली चार आठवड्यांपलीकडे वापरू नये.

स्टेरॉइडमध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिसळलेली बाटली सोयीची, पण फक्त पहिले एक-दोन आठवडे. पुढे थेंब कमी करताना अँटिबायोटिकचाही डोस तोकडा होत जातो, हे बरोबर नाही. त्यानंतर साधे स्टेरॉइड घ्यावे. कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच.

एका वेळी एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते. दोन औषधांत पाच मिनिटे. थेंब टाकल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा. अमेरिकेत अश्रूनलिकेत बसवायची ०.४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची कांडी २०१८ मध्ये मंजूर झाली; ती महिनाभर औषध सोडते, त्यामुळे ही सगळी कटकट वाचते. पण प्रेशर तिथेही तपासावेच लागते.

दुखणे वाढत जाऊन नजर कमी होत असेल तर थेंब वाढवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उरलेली बाटली घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लाल डोळ्यात घालू नका. त्या डोळ्याला हर्पिस विषाणूची लागण असेल तर बुबुळावर व्रण पसरतो.