प्रॉक्समॉक्स व्हीई: छोट्या ऑफिसच्या सर्व्हरसाठी बेस्ट आहे, पण सेटिंगला वेळ द्या

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका मशीन पार्ट्सच्या कंपनीचं आयटी मी बघतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक रिफर्बिश्ड सर्व्हर आहे, त्याच्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हर्चुअल कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय आणि टॅली, ड्रॉइंग्जचा फाइल सर्व्हर, हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर असं सगळं त्याच्यावरच चालतं. हे घ्यावं का मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही का अजून काही असं बरेच जण विचारत असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कंपनी व्हिएन्नाची, प्रॉडक्ट 2008 पासून आहे. खाली डेबियन लिनक्स, व्हीएमसाठी केव्हीएम, कंटेनरसाठी (व्हीएमपेक्षा हलका, वेगळा ठेवलेला लिनक्सचा कप्पा) एलएक्ससी, आणि सगळा कारभार ब्राउझरमधून, 8006 पोर्टवर. ओपन सोर्स आहे आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फुकट वापरणाऱ्यासाठी एकही फीचर कापलेलं नाही, क्लस्टर (अनेक सर्व्हर एकत्र जोडणं), लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं), बॅकअप सगळं मिळतं. पैसे लागतात ते एंटरप्राइझ रिपॉझिटरी (जास्त तपासलेल्या अपडेट्सचा साठा) आणि सपोर्टसाठी, दर सीपीयू सॉकेटमागे वर्षाचे. हायपर-व्हीची वेगळी फुकट एडिशन 2019 ची शेवटची, त्यानंतर विंडोज सर्व्हरचं लायसन्स घ्या. एक्ससीपी-एनजी हे असंच दुसरं सॉफ्टवेअर पण चांगलं आहे, पण व्हीएम आणि कंटेनर एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी ही सोय मला इथेच मिळाली. कुबरनेटीस (बऱ्याच मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) चारपाच ॲप्सच्या ऑफिसला कोणी सुचवत असेल तर ते रोज सांभाळणार कोण हे आधी विचारा.

आता खरा प्रश्न, काय व्हीएममध्ये टाकायचं आणि काय कंटेनरमध्ये. एलएक्ससी कंटेनर होस्टचाच, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरचाच, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो, त्यामुळे विंडोजचा विषयच नाही, पण लिनक्सवरच्या छोट्या कामांना तो इतका हलका पडतो की डीएनएस फिल्टर (नको त्या साइट अडवणारा) 512 एमबी रॅममध्ये आरामात चालतो आणि रीस्टार्ट केला की चहाचा कप उचलेपर्यंत वर आलेला असतो. अनप्रिव्हिलेज्डची टिक मात्र काढू नका, ती असली की आतला रूट (सगळे अधिकार असलेला युजर) बाहेर होस्टवर 100000 नंबरचा साधा युजर असतो, म्हणजे आत कोणी घुसलंच तरी होस्ट सहज हातात येत नाही. डॉकर (तयार ॲप्स कंटेनरमध्ये चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर सरळ एक लिनक्स व्हीएम बनवा आणि त्यात टाका. नेस्टिंग (कंटेनरच्या आत कंटेनर) चालू करून एलएक्ससीमध्ये पण चालतं, पण प्रॉक्समॉक्सवाले स्वतःच व्हीएम वापरा म्हणतात. अजून एक, कंटेनर चालू असताना दुसऱ्या नोडवर (क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरवर) जात नाही, बंद होऊन तिकडे परत सुरू होतो.

विंडोज व्हीएम बनवताना बरेच जण एका ठिकाणी अडकतात. डिस्कला व्हर्टआयओ स्कझी (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) निवडलं की विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसल्याने इन्स्टॉलरमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसते, मग लोक घाबरून आयडीई किंवा साटा करतात आणि नंतर टॅली स्लो आहे म्हणून अकाउंट्सच्या मॅडमची बोलणी खातात. तसं करू नका. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा, लोड ड्रायव्हर दाबा, व्हीआयओस्कझी फोल्डरमध्ये आपल्या विंडोजचं व्हर्जन, त्यात एएमडी64, की डिस्क लगेच समोर येते. नेटवर्क कार्डही व्हर्टआयओच. विंडोज वर आलं की त्याच आयएसओतून गेस्ट टूल्स टाका आणि ऑप्शन्समध्ये गेस्ट एजंट चालू करा, म्हणजे बॅकअपच्या क्षणी आतल्या फाइल सिस्टिमला थांबायला सांगितलं जातं. सीपीयू टाइप लिनक्स व्हीएमला 'होस्ट' (खरा सीपीयू जसाच्या तसा) ठेवा, विंडोजला मात्र 'होस्ट' आणि डिफॉल्ट टाइप दोन्ही लावून बघा, कारण नवीन विंडोज होस्ट टाइप दिसला की स्वतःची व्हर्चुअलायझेशनवाली सिक्युरिटी चालू करू शकतं आणि मशीन जड होतं.

डिझाइन सॉफ्टवेअरचा यूएसबी डाँगल (लायसन्सची चावी) पण व्हीएमला देता येतो, हे कळल्यावर आमचे साहेब जाम खूश झाले. सारखेच दोन डाँगल असतील तर डिव्हाइस आयडीऐवजी पोर्ट निवडून द्या, आयडी दोघांचा एकच असतो.

डिस्कबद्दल मात्र कंजूसपणा नको. झेडएफएस (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) घेणार असाल तर RAID कार्ड एचबीए मोडमध्ये (डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारा मोड) हवं आणि एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच (लाईट गेली तरी डेटा वाचवणाऱ्या) हव्यात, लॅपटॉपच्या स्वस्तातल्या एसएसडी त्याच्या रायटिंगने लवकर झिजतात. झेडएफएसची कॅशे पण रॅम खाते, आधी निम्म्या रॅमपर्यंत जायची, प्रॉक्समॉक्स 8.1 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये रॅमच्या 10 टक्के आणि जास्तीत जास्त 16 जीबी अशी मर्यादा असते. जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड करत आला असाल तर ती हाताने लावा.

त्रासदायक गोष्टी पण आहेत. इन्स्टॉल झाल्यावर एंटरप्राइझ रिपॉझिटरीच चालू असते, सबस्क्रिप्शन नसेल तर अपडेट एरर देतं, नो-सबस्क्रिप्शनवाली लावावी लागते आणि लॉगिनला सबस्क्रिप्शन नसल्याचा मेसेज येतच राहतो. सपोर्ट ऑस्ट्रियाच्या ऑफिसच्या वेळेत, म्हणजे त्यांची सकाळ होईपर्यंत आपले साडेतीन ते साडेचार तास निघून गेलेले असतात. दोन नोडचं क्लस्टर करू नका, एक पडला की दुसऱ्याकडे कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) राहत नाही, तिसरं छोटं मशीन क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं) म्हणून ठेवा.

बॅकअपसाठी वेगळ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका, तोही फुकट आहे. बदललेला डेटाच जातो, सारखे तुकडे एकदाच साठतात, आणि व्हीएम न उचलता आतली एक फाइल पण काढता येते. कोणीतरी ड्रॉइंग उडवलं की हे फार कामाला येतं. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप धरू नका.

आणि पावसाळ्यात इथे लाईट जाते, तेव्हा यूपीएस नटने (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडून घ्या आणि प्रत्येक व्हीएमला स्टार्ट-शटडाउन ऑर्डर द्या. लहान नंबर आधी चालू होतो आणि शेवटी बंद होतो, म्हणून फाइल सर्व्हर 1, टॅली 2. व्हीएमला बंद व्हायला डिफॉल्ट 180 सेकंद मिळतात, कंटेनरला 60, तेव्हा यूपीएसची बॅटरी पूर्ण लोडवर किती मिनिटं टिकते ते आधी मोजा आणि शटडाउन किती टक्क्यांवर सुरू करायचं ते त्यावरून ठरवा.